नाव आत्याचं

जिंतूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर एक तरुण हिशेब लिहायचा. हंगामात तुरीची पोती ट्रकात चढताना तो बघायचा, आणि तीच तूर डाळ होऊन, चढ्या भावाने, किराणा दुकानात परत आलेली बघायचा. इथली तूर इथेच भरडली पाहिजे, हे त्याच्या मनाने घेतलं. विचार चांगला होता.

डाळमिलचा अंदाज आला वीस लाखांचा. राज्य सरकारने 2019 साली सुरू केलेल्या मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची त्याने चौकशी केली. सर्वसाधारण गटातल्या अर्जदाराला शहरात 15 टक्के अनुदान, ग्रामीण भागात 25. महिलांना शहरात 25, ग्रामीण भागात 35. स्वतःची रक्कम सर्वसाधारण गटाला 10 टक्के घालावी लागते, महिलांना 5. त्याने वहीत मांडलं. आपल्या नावावर जिंतूर शहरात मिल काढली तर अनुदान तीन लाख आणि पदरचे दोन लाख. येलदरी रस्त्यावरच्या गावात राहणाऱ्या आत्याच्या नावावर काढली तर अनुदान सात लाख आणि पदरचा एकच.

रविवारी तो आत्याकडे गेला. आत्या विधवा, शेहेचाळीस वर्षांची, दोन एकर कोरडवाहू शेती कसणारी. दहा लाखांवरच्या प्रकल्पाला अर्जदार सातवी पास लागतो. आत्या सातवी पास होती आणि दाखला तिने पेटीत जपून ठेवलेला होता.

“आत्या, तुला काही करायचं नाही. सह्या तेवढ्या कर. कागदावर मिल तुझ्या गावात, मशीन आपलं जिंतूरच्या शेडमध्ये.”

आत्याने दाखला काढून समोर ठेवला, पण हात त्यावरून उचलला नाही. “लेकरा, सरकार बाईला जास्त कामून देतं?”

“योजनाच तशी आहे.”

“आन खेड्याला?”

तो गप्प झाला. दर त्याला पाठ होते, ते तसे का ठरले हे त्याने कुणाला विचारलंच नव्हतं. आणि त्याला एकट्याला दोष का द्यावा? हे सहसा कुणीच विचारत नाही, पण उत्तर जुनं आहे. मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्याबाहेर कारखाने जावेत म्हणून महाराष्ट्र 1964 पासून उद्योगांना सवलती देत आला आहे. पुढे तालुक्यांचे अ, ब, क, ड आणि ड+ असे गट पडले. जितका मागास तालुका तितकी सवलत मोठी. या प्रत्येक टक्क्यात कुणाच्या तरी वाट्याला न आलेलं काम मोजलेलं असतं. जिच्या नावावर सातबारा नसतो, जिला तारण नाही म्हणून बँक दारात उभं करत नाही, तिच्यासाठी ते वरचे टक्के ठेवलेले असतात. दुसऱ्याने ते उचलले तर चोरी सरकारची होत नाही, तिची होते. मला हे स्पष्ट म्हणावंसं वाटतं, कारण अशा सह्या घरोघरी होतात आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही.

“बँक बारा लाखाचं कर्ज देईल, ते कुणाच्या डोक्यावर?” आत्याने विचारलं.

“तुझ्या नावावर. पण फेडणार मी.”

“मग असं कर. नाव माझं, कर्ज माझं, तर मिल माझ्या गावात आन किल्ली माझ्या कमरेला. तुरीला तेल-पाणी किती लावायचं, किती उन्हं द्यायची, हे मला जात्यावर कळलंय. हिशेब तू शिकव.”

तो रागावून उठला आणि आठवडाभर फिरकला नाही. मग स्वतःच आला. अर्ज भरला गेला. सक्तीचं प्रशिक्षण आत्याने स्वतः जाऊन घेतलं. मिलला लागणाऱ्या थ्री फेज विजेसाठी तिने इतके हेलपाटे घातले की भाच्याला लाज वाटली. गावातल्या चार बायका कामाला लागल्या, चुनी गावातल्याच जनावरांना जाऊ लागली. पहिल्या वर्षी डाळीचा तुकडा फार पडला. दुसऱ्या वर्षी हात बसला.

हे अनुदान हातात मिळत नाही. बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून अडकून राहतं, आणि उद्योग खरोखर चालू आहे का याची जागेवर तपासणी झाल्यावरच कर्जात वळतं होतं. तपासणीला आलेल्या साहेबांनी वही भाच्यापुढे धरली आणि त्यालाच प्रश्न विचारायला सुरुवात केली.

“मी आज डाळ न्यायला आलोय साहेब,” तो म्हणाला. “मालकीणबाई आत आहेत.”

आत्या पदराला हात पुसत बाहेर आली. किती क्विंटल तूर भरडली, कुणाला किती मजुरी गेली, वीजबिल किती, बँकेचे किती हप्ते उरले, सगळं तिने वही न उघडता सांगितलं. सात लाख वळते झाले.

त्याच वर्षी भाच्याने स्वतःचा अर्ज भरला. डाळ निवडून पाकिटबंद करायचा उद्योग. ठिकाणाच्या रकान्यात त्याने जिंतूर शहर लिहिलं, 15 टक्क्यांच्या दराने हिशेब मांडला आणि पदरच्या रकमेसाठी आडतीवर आणखी एक हंगाम काढला.