रक्ताचा सातबारा

आमच्या मराठवाड्यात नवा पाहुणा टेकला, की पहिला प्रश्न ठरलेला : "मूळगाव कोणतं?" सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच्या जळकोटातही हा प्रश्न आपुलकीनेच विचारला जातो. पण मुसलमानाला तो विचारताना कधी कधी त्यात वेगळी धार असते. मग आपल्यातलाच कुणी अरबस्तान सांगतो, कुणी इराण. आणि कुणी ठणकावतो, की आमच्या सात पिढ्या याच काळ्या मातीत गेल्या.

आता या प्रश्नाचे उत्तर विकणारी दुकाने निघाली आहेत. नळीत लाळ भरून पाठवा. पूर्वज कुठले आणि पुढे कोणता आजार संभवतो, हे कळवू, असे त्या सांगतात. भारतीय मुसलमानांच्या जनुकांवर झालेल्या अभ्यासांत बहुतेकांचे नाते शेजारपाजारच्या लोकांशीच जुळलेले दिसते. बाहेरचा अंश असलाच तर थोडा. पण आपले इथले असणे असे प्रयोगशाळेतून सिद्ध करायचे का? आणि ती लाळ नेमकी कुणाच्या मालकीची?

आपण म्हणू, शरीर माझे, लाळ माझी. इथेच घोटाळा आहे. आपल्या डीएनएचा अर्धा भाग आईकडून, अर्धा वडिलांकडून आलेला. सख्ख्या भावंडांत साधारण निम्मा सारखा, चुलत-मावस भावंडांत आठवा हिस्सा. २०१८ साली कॅलिफोर्नियात पोलिसांनी सत्तर-ऐंशीच्या दशकांतला एक खुनी शोधला, तो दूरच्या नातलगांनी वंशावळीच्या संकेतस्थळावर टाकलेल्या माहितीवरून. खुनी सापडला, चांगलेच झाले. पण एकाने दार उघडले, की सगळ्या खानदानाचे घर उघडे पडते, हेही त्यातून दिसले.

सातबाऱ्यावर चार भावांची नावे असली, तर एकट्याला सगळे रान विकता येत नाही. सगळ्यांच्या सह्या लागतात. मग रक्ताचा सातबारा तर सामाईकच आहे. त्यावर अजून न जन्मलेल्या नातवंडांचीही नावे आहेत.

विकत घेणारा कोण, हेही पाहावे. अमेरिकेतल्या ट्वेंटीथ्री अँड मी या कंपनीकडून २०२३ साली सुमारे ६९ लाख ग्राहकांची माहिती चोरीला गेली. चोरांनी ज्यू आणि चिनी वंशाच्या लोकांच्या याद्या वेगळ्या काढून विक्रीला मांडल्या. मार्च २०२५ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली आणि दीड कोटीहून अधिक ग्राहकांची माहिती मालमत्ता म्हणून लिलावात आली. पुढे संस्थापिकेच्याच ना-नफा संस्थेने ती घेतली. दुसऱ्या कुणी घेतली असती तर?

बाजाराहून मोठा हात सत्तेचा. चीनच्या शिनजियांग प्रांतात मोफत आरोग्य तपासणीच्या नावाखाली उइगर मुसलमानांचे डीएनए नमुने गोळा केल्याचे २०१७ साली उघड झाले. कुवेतने २०१५ साली मशिदीतल्या बॉम्बस्फोटानंतर देशातल्या प्रत्येकाचा डीएनए सक्तीने घेण्याचा कायदा केला. २०१७ साली तिथल्या घटनात्मक न्यायालयाने तो रद्द केला. एक राज्यकर्ता परका, एक आपल्याच धर्माचा. संशयाला धर्म नसतो.

"लपवण्यासारखे आमच्याकडे आहे काय?" असे काही जण विचारतात. प्रश्न लपवण्याचा नाही, अब्रूचा आहे. मात्र भीतीपोटी विज्ञानाकडे पाठ फिरवणेही बरे नाही. नंदुरबार, गडचिरोलीच्या आदिवासींना सिकलसेलच्या तपासणीने आधार मिळतो. नात्यात सोयरिकी करणाऱ्या आपल्या समाजाला तर थॅलेसेमियासारख्या तपासणीची गरज अधिकच. पण वाहक असणे म्हणजे रोगी असणे नव्हे, हा फरक मुलगी पाहायला आलेले किती जण ऐकून घेतात? तपासणी हवी, आणि तिचा कागद त्या मुलीच्याच हाती हवा.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला. २०१९ चे डीएनए विधेयक सरकारने २०२३ साली मागे घेतले. त्याच वर्षी व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. पण त्यात जनुकीय माहितीला वेगळे स्थान नाही आणि संमती एकट्या माणसाची. भावाबहिणीला विचारा, असे तो म्हणत नाही.

म्हणून काही जण सुचवतात, डीएनएवर माणसाची मालकी जाहीर करा. आम्हाला ते पटत नाही. जे मालकीचे, ते विकता येते. आणि दुष्काळात आधी गरीबच विकतो. आपल्या बोलीत यापेक्षा नेमका शब्द आहे : अमानत. अमानत ठेवणाऱ्याने ती विकायची नसते आणि सांभाळणाऱ्याने ठरल्या कामाशिवाय वापरायची नसते. मागताच परत करायची असते. डॉक्टर, कंपनी आणि सरकार, तिघांनाही हीच कसोटी लावावी.

आणि आपणही नळी भरण्याआधी घरच्यांना एकत्र बसवावे. रानाच्या वाटणीला बहिणींना बोलावतो न बोलावतो. इथे तरी त्यांना विचारावे. त्यांचा हिस्सा इथे कोणत्याही कागदाने कमी होत नाही.