धुराविषयी खरी साक्ष

चेर्नोबिलचे नाव निघाले की आपल्या मंडळ्यांतून कोणीतरी प्रकटीकरणाचा आठवा अध्याय काढतोच. आकाशातून पडून पाणी कडू करणाऱ्या ताऱ्याचे नाव तेथे कडूदवणा असे आहे. आणि चेर्नोबिल या शब्दाचा अर्थही तोच, असे सांगितले की ऐकणाऱ्यांच्या अंगावर काटा येतो. आम्हीही एके काळी व्यासपीठावरून हे सांगितले आहे, हे कबूल केले पाहिजे. पुढे वाचनात आले की ते नाव कडूदवण्याच्या जातीतल्या दुसऱ्याच एका रानझुडपाचे आहे, आणि युक्रेनी पवित्र शास्त्रात त्या ताऱ्याला निराळा शब्द आहे. योहानाच्या दर्शनाचा अर्थ काय, हा आजचा विषय नव्हे. जो धोका डोळ्यांना दिसत नाही त्याविषयी ख्रिस्ती मनुष्याने साक्ष कशी द्यावी, एवढाच प्रश्न आम्ही घेतो.

26 एप्रिल 1986 रोजी चेर्नोबिल अणुवीज केंद्रातील चौथी अणुभट्टी फुटली. भोवतालचा सुमारे 30 किलोमीटरचा मुलूख रिकामा करण्यात आला. शेते ओस पडली व त्यांत गवत आणि पाइनची झाडे माजली. स्फोटातून उडालेले सीझियम-137 व स्ट्राँशियम-90 हे किरणोत्सारी पदार्थ मातीच्या वरच्या थरात, पालापाचोळ्यात व झाडांत साठून राहिले. ते निम्मे होण्यास सुमारे 30 वर्षे लागतात; म्हणजे आज निम्म्याहून कमी उरले आहेत, संपलेले मात्र नाहीत. असे रान पेटले की राखेच्या कणांबरोबर ते पुन्हा हवेत चढतात.

एप्रिल 2020 मध्ये हे मोठ्या प्रमाणावर घडले. जवळच्या गावातील एका 27 वर्षांच्या तरुणाने गंमत म्हणून गवत पेटविल्याचे कबूल केले, असे पोलिसांनी सांगितले. गंमत! आग पुढे अणुकेंद्राच्या अगदी जवळ येऊन ठेपली. आगीच्या मध्याशी किरणोत्सार नेहमीच्या सोळा पट झाला आहे, असे एका सरकारी अधिकाऱ्याने जाहीर केले आणि ती बातमी जगभर गेली.

आता सोळा पट म्हणजे किती? ताशी 0.14 मायक्रोसिव्हर्टऐवजी 2.3. विमान उंचावरून जात असता प्रवाशांना ताशी साधारण एवढीच, कधी याहून अधिकही मात्रा मिळते. सुमारे 100 किलोमीटरवरील किव्ह शहरात तर बाहेरील किरणोत्साराची पातळी नेहमीसारखीच राहिली. 24 एप्रिल रोजी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने सांगितले की वाढ फार थोडी आहे व तिच्यापासून आरोग्यास धोका नाही. त्या दिवसांत किव्हच्या लोकांना खरा त्रास झाला तो साध्या धुराचा. पण धूर सर्वांच्या ओळखीचा. त्याचे भय कोणास वाटत नाही.

मग लोकांनी या आकड्यांवर विश्वास ठेवून स्वस्थ का राहू नये? येथे आम्हांला 1986 सालाकडे परत जावे लागते. प्रिप्यात शहर स्फोटानंतर दीड दिवसाने रिकामे केले गेले. स्वीडनमधील एका अणुकेंद्रात किरणोत्सार आढळल्यावर, 28 एप्रिलच्या संध्याकाळी, सोव्हिएत सरकारने जगाला चार ओळींची बातमी दिली. आणि 1 मे रोजी किव्हच्या रस्त्यावरून मुलाबाळांसह कामगार दिनाची मिरवणूक निघाली. ज्या आईने त्या दिवशी लेकराचा हात धरून मिरवणूक पाहिली, तिला 2020 मध्ये कोणी म्हणाले, "बाई, भिऊ नका", तर तिने काय करावे? सांगणारा या वेळी खरे बोलत होता. त्याच्या आधीच्यांनी त्याचे खरे आधीच खर्चून टाकले होते.

खोटी साक्ष म्हटली की आपल्यासमोर न्यायसभेतला साक्षीदार उभा राहतो. परंतु भय वाढवून सांगणे आणि धीर देण्यासाठी भय लपविणे, या दोन्ही गोष्टी आम्ही त्याच आज्ञेखाली धरतो. दुसरी अधिक फसवी, कारण ती प्रीतीचा अंगरखा घालून येते.

शब्बाथशाळेत लेवीयाचा तेरावा अध्याय आपण सहसा ओलांडून जातो. कातडीवरील चट्ट्यांविषयी मुलांना काय शिकवावे, असे शिक्षकांस वाटते. पण त्या याजकाचे काम पाहा. चट्टा पाहून त्याला निश्चित कळले नाही तर तो दया येऊन "शुद्ध" म्हणत नाही, आणि घाबरून "अशुद्ध"ही म्हणत नाही. त्या माणसाला सात दिवस वेगळे ठेवतो व पुन्हा तपासतो. जरूर पडल्यास आणखी सात दिवस. केस पांढरा झाला का, चट्टा पसरला का, हे पाहतो. आपल्याला ठाऊक नाही हे उघड मान्य करून वाट पाहणे, हाही त्याच्या सेवेचाच भाग होता.

त्याच्यापासून आणखी एक गोष्ट घ्यावी. चौदाव्या अध्यायात तो याजक छावणीच्या बाहेर, रोग्याजवळ जातो. शहरासाठी धोका अल्प होता, हे खरे. परंतु ज्वाळांपाशी उभे राहून राख उसपणाऱ्या अग्निशामकाला तोच आकडा लागू होत नाही. बाहेरून लागणारा किरणोत्सार यंत्र दाखविते. श्वासाबरोबर फुप्फुसात गेलेला कण त्या यंत्रात दिसत नाही, आणि अणुकेंद्राजवळच्या मातीत प्लुटोनियमही आहे. म्हणून "धोका नाही" असे कोणी म्हटले की, कोणाला नाही, हे आम्ही विचारू लागलो आहोत. 2022 च्या फेब्रुवारी व मार्चमध्ये रशियन सैन्याने तो मुलूख व्यापला होता. तेव्हापासून त्या रानात सुरुंग पेरलेले आहेत, आणि आग लागली तरी विझविणाऱ्यांना कित्येक ठिकाणी आत पाऊल टाकता येत नाही.