चार रंगांतली आई

दिवाळीला श्रीवर्धनच्या घरी सगळ्यांनी जमायचे, हा आमच्या घराण्याचा नेम अजून टिकून आहे. गेल्या वर्षी पुण्याचा पुतण्या आला तो फटाक्यांऐवजी एक जुनाट यंत्र घेऊन. खोक्यातून ते बाहेर काढताच मी ओळखले. तो बीबीसी मायक्रो होता. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने 1981 साली काढलेला, आणि 1984 नंतर सरकारच्या ‘क्लास’ नावाच्या योजनेतून आपल्याकडच्या कितीतरी माध्यमिक शाळांत येऊन पोहोचलेला. मी ज्या शाळेत गणित शिकवीत होतो तिथेही तो आला होता. त्याच्या खोलीत चपला काढून जावे लागे, आणि देवघरातल्या सोवळ्याइतक्याच काळजीने त्याच्यावर आच्छादन घातले जाई. मुलांपेक्षा यंत्राचीच बडदास्त अधिक. असो.

पुतण्याचा बेत असा होता की, घरातले जुने फोटो या यंत्राच्या पडद्यावर दाखवायचे. हे ऐकायला सोपे वाटते. पण आजचा साधा फोटो 1 कोटी 67 लाखांहून अधिक रंगछटांतून आपली छटा निवडतो, आणि या बिचाऱ्या यंत्राजवळ रंग आठच: काळा, तांबडा, हिरवा, पिवळा, निळा, जांभळट, आकाशी आणि पांढरा. त्यांतलेही बऱ्यापैकी बारीक चित्र हवे असेल तर एका वेळी फक्त चारच वापरता येतात. पडदा 320 ठिपके रुंद, 256 ठिपके उंच. सारी स्मरणशक्ती 32 किलोबाइट. त्यांतले 20 किलोबाइट या एका चित्रालाच लागतात. म्हणजे अर्ध्याहून अधिक घर एका पाहुण्याला द्यायचे आणि उरलेल्यात संसार करायचा.

मग मोठ्या चित्राचे लहान चित्र कसे करतात? प्रत्येक ठिपक्याला जवळात जवळचा रंग द्यावा तर चेहऱ्याचे नुसते ठिगळ होते. यावर फ्लॉइड आणि स्टाइनबर्ग या दोघांनी 1976 साली एक सुंदर युक्ती प्रसिद्ध केली. एका ठिपक्याला त्याचा खरा रंग देता आला नाही, तर जी चूक उरली ती फेकून द्यायची नाही. तिचे सोळा भाग करायचे. सात भाग उजवीकडच्या शेजाऱ्याला, तीन खाली डावीकडे, पाच थेट खाली आणि एक खाली उजवीकडे. पुढचा ठिपका आपला रंग ठरवताना मागच्याचे हे देणे हिशेबात धरतो. प्रत्येक ठिपका खोटा, पण चार हात लांबून पाहावे तर गालावरची सावलीसुद्धा खरी. आपली चूक शेजाऱ्यांनी थोडी थोडी उचलावी आणि एकंदर चित्र बिघडू नये, ही व्यवस्था मला एकत्र कुटुंबासारखी वाटली. मात्र तिथेही देणे पुढेच जाते, मागे कधी येत नाही, हे लक्षात ठेवले पाहिजे.

पहिले चित्र त्याने आईचे घेतले. वडिलांनी काढलेला, सत्तरच्या दशकातला रंगीत फोटो. मागे पोफळीची वाडी, हिरवे लुगडे नेसलेली आई रहाटापाशी उभी. पडद्यावर वरून खाली एकेक ओळ उमटत गेली, आणि सगळे ‘आजी, आजी’ म्हणून ओरडले. मला मात्र काहीतरी चुकल्यासारखे वाटत होते. थोड्या वेळाने ध्यानात आले: आईच्या कपाळावर कुंकू नव्हते.

पुतण्याला विचारले. तो म्हणाला, “काका, चार रंग कुठले घ्यायचे ते मी मोजणीवर सोपवलंय. ज्या रंगाचे ठिपके जास्त, तो रंग आत. काळा, पांढरा, हिरवा, पिवळा निवडून आले. तांबड्याचे ठिपके अगदीच थोडे.”

सबंध फोटोत तांबडा रंग एका कुंकवापुरताच होता. पण ज्या बाईचे आम्ही चित्र पाहत होतो तिच्या दृष्टीने त्या कुंकवाची किंमत साऱ्या वाडीच्या हिरव्याहून अधिक होती. मोजणीत अन्याय काहीच झाला नाही. मोजणी चोख होती. प्रश्न मोजण्याच्या आधीचा होता. महत्त्वाचे काय ते संख्येने ठरवावे, हे कोणी ठरवले? यंत्राने खासच नाही. पुतण्याने सूचनांच्या कागदात एक ओळ लिहिली होती, तिथे ते ठरले. आणि तेव्हा त्याच्यासमोर ना आई होती, ना कुंकू. त्याने ती ओळ बदलली, हिरव्याच्या जागी तांबडा घातला. कुंकू आले, वाडी पिवळी आणि काळपट पडली, निसर्ग चक्रीवादळानंतर दिसत होती तशी.

या सूचनांच्या कागदाविषयी थोडे सांगायला हवे. बीबीसी मायक्रोत ‘एक्झेक’ नावाची आज्ञा आहे. एका फायलीत आज्ञा लिहून ठेवायच्या. यंत्र ती फाइल अशी वाचते की जणू कोणी माणूस समोर बसून कळा दाबतो आहे. त्या फायलीला ‘बूट’ असे ठरावीक नाव दिले आणि तबकडीवर तशी खूण करून ठेवली, की शिफ्टची कळ धरून ब्रेकची कळ दाबावी: पडद्याचा प्रकार ठरतो, रंग बदलतात, चित्र स्मरणात आपल्या जागी जाऊन बसते. समोर माणूस नाही, पण त्याचा हात चालू आहे. मला हे फार चमत्कारिक वाटते. मृत्युपत्रही असेच असते. पण त्याचा अर्थ लावायला निदान जिवंत माणसे तरी असतात.

आता माझ्या हातून घडलेली गोष्ट सांगतो.

2018 साली घरातले सगळे फोटो, एकूण 412, मी स्वतः बसून स्कॅन केले होते. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आदळले. घराची कौले उडाली, पोफळी रांगेने आडव्या झाल्या, आणि माळ्यावरची अल्बमची पेटी पावसात भिजून तिचा लगदा झाला. तेव्हा मी सर्वांना मोठ्या ऐटीत सांगितले होते, “काळजी नको, सगळे माझ्या संगणकात आहे.” दुसरी प्रत करायला हवी हे कळत होते. वळले नाही.

भाऊबीजेच्या दुपारी पुतण्या समुद्रावर गेला होता. आईचे चित्र पाहून मला हाव सुटली. सगळेच फोटो तसे करून ठेवावे, म्हणजे संध्याकाळी सर्वांना चकित करता येईल. चित्रे लहान करण्यासाठी तो माझ्याच संगणकावर इमेजमॅजिक नावाचा कार्यक्रम वापरीत होता. जॉन क्रिस्टी यांनी ड्यूपॉन्ट कंपनीत असताना लिहिलेला आणि 1990 साली सर्वांसाठी मोकळा झालेला. त्यात दोन भावंडांसारख्या आज्ञा आहेत. ‘कन्व्हर्ट’ मूळ चित्राला हात न लावता दुसरे नवे चित्र करते. ‘मॉग्रिफाय’ एका दमात शेकडो चित्रे बदलते, पण चित्राचा प्रकार तोच ठेवला असेल तर मूळ चित्रावरच नवे लिहिते. तिच्या माहितीपत्रकात हे स्पष्ट सांगितलेले आहे. पुतण्या एका वेगळ्या फोल्डरात प्रती ठेवून तिथे ती वापरी. मी त्याच्या वहीतली ओळ जशीच्या तशी उतरवली आणि मूळ फोटोंच्या फोल्डरात उभा राहून कळ दाबली. काही मिनिटांत 412 फोटो 320 ठिपके रुंदीचे आणि चार रंगांचे झाले. यंत्राने तक्रार केली नाही, विचारलेही नाही. अगदी चोख काम केले.

आमचे कोकण परशुरामाची भूमी मानतात. लहानपणी ती कथा ऐकताना मला नेहमी भीती वाटे: बापाने आज्ञा केली, आईचे मस्तक उडव, आणि मुलाने उडवले. आज्ञाधारकपणाचे कौतुक म्हणून आम्हाला ती सांगत. परंतु कथेचा खरा भाग पुढे आहे. जमदग्नी प्रसन्न होऊन वर देतो, तेव्हा परशुराम पहिली गोष्ट मागतो ती आईचे प्राण. म्हणजे आज्ञा पाळत असतानाही काय गमावले जात आहे ते त्याला ठाऊक होते. आज्ञा उलटवण्याची वाट कुठे आहे हे त्याला माहीत असेल का? मला वाटते, नसावे. आणि म्हणूनच ती कथा अजून बोचते. माझ्या यंत्राजवळ आज्ञाधारकपणा पूर्ण होता. वर मागणारे मात्र कोणी नव्हते.

संध्याकाळी पुतण्याने स्वतःला दोष दिला: ओळ त्याने लिहिली होती. मी मला दिला: कळ मी दाबली होती. वहिनी म्हणाल्या, “वादळाला द्या की!” फ्लॉइड-स्टाइनबर्गच्या चुकीसारखा दोष शेजारी शेजारी वाटला गेला आणि घरातले एकंदर चित्र काही बिघडले नाही. पण मला ते फारसे पटले नाही. ठिपक्यांच्या बाबतीत जे ठीक, ते माणसांच्या बाबतीत ठीक असेलच असे नाही. सर्वांनी थोडा थोडा उचललेला दोष पाहता पाहता कुणाचाच राहत नाही.

त्या दिवसांत मला राहून राहून अलिबागच्या चुंबकीय वेधशाळेची आठवण होत होती. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी मुंबईत कुलाब्याला 1841 पासून चालत आल्या होत्या. ट्राम विजेवर चालवायचे ठरले, आणि विजेच्या ओघाने त्या नोंदी नासणार हे उघड झाले. तेव्हा नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत 1904 साली, सुमारे 30 किलोमीटरवर अलिबागला, चुंबकाला बाधणार नाही अशा साहित्याची नवी वेधशाळा बांधली. विजेची ट्राम मुंबईत 1907 ला धावली. परंतु नवी जागा तयार झाली म्हणून जुनी लगेच बंद केली नाही. 1904 ते 1906 अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. दोन्हींतला फरक नीट कळला, म्हणजे जुन्या आकड्यांचे नव्यांशी नाते जोडता येईल, आणि मगच कुलाब्याची नोंद थांबवली. तेही एक रूपांतरच होते. पण त्यात मूळ पुसून त्यावर नवे लिहिलेले नव्हते.

याचे फळ त्या माणसांना दिसणारही नव्हते. सप्टेंबर 1859 मध्ये सूर्यावरून प्रचंड चुंबकीय वादळ आले, तेव्हा कुलाब्यात कुणीतरी डोळ्यांनी पाहून आकडे टिपीत बसले होते. 2003 साली शास्त्रज्ञांनी तेच आकडे पुन्हा वाचून त्या वादळाचा जोर सुमारे 1600 नॅनोटेस्ला असा काढला. टिपणाऱ्याच्या मनात हा प्रश्न नव्हता. तो 144 वर्षांनी कोणी विचारला. ‘एवढे कशाला ठेवायचे, निम्मे पुरे’ असे म्हणून मधले आकडे गाळले असते, तर त्या काळात त्याला कोणीही चूक म्हटले नसते. गाळताना आपण आपल्या प्रश्नांना पुरेल एवढे ठेवतो. पुढच्यांचे प्रश्न आपल्याला ऐकूच येत नाहीत.

आणि तरीही सगळेच ठेवता येत नाही, हेही खरे. वडिलांनी फोटो काढला तेव्हाच आईचा आवाज गळला होता, रहाटाची करकर गळली होती. मी स्कॅन केले तेव्हा फोटोच्या पाठीवरचे वडिलांचे अक्षर मी घेतलेच नाही. त्या वेळी मला ते चित्राचा भाग वाटले नाही. त्या चुकीबद्दल मला कोणी कधी बोल लावला नाही, कारण ती कोणाला माहीतच नव्हती. मॉग्रिफायने फार तर माझ्याच वृत्तीची दुसरी पायरी गाठली.

माझ्या नातीने आपल्या पणजीला पाहिलेले नाही. तिला मूळ फोटोही आठवत नाही. ती पडद्यापुढे उभी राहून त्या ठिपक्यांना ‘पणजी’ म्हणते, आणि तिच्यापुरते त्यात काहीही कमी नाही. तिला खरे सांगावे की नाही, यावर माझे नि पुतण्याचे एकमत झालेले नाही.

दिवाळी संपल्यावर हरिहरेश्वरच्या मावसबहिणीने एक फोटो पाठवला. आईच, तीच वाडी, पण आणखी एका दिवसाचा. वादळाचे पाणी त्यालाही लागले होते; डावीकडचा भाग पांढरा पडून लुगड्याचा काठ तेवढा उरला आहे. या वेळी मी पाठही स्कॅन केली. पाठीवर काहीच लिहिलेले नव्हते, तरी केली. दोन प्रती दोन घरी ठेवल्या.

परवा पुतण्याचा फोन आला. या दिवाळीला तोच फोटो यंत्रावर दाखवायचा आहे. “काका, तांबडा ठेवू ना?” म्हणाला. मी त्याला थांबायला सांगितले आणि भिंग घेऊन खिडकीपाशी बसलो आहे. कपाळाच्या जागी डाग आहे, आणि तो पाण्याचा की कुंकवाचा, हे मला अजून ठरवता आलेले नाही.