शौर्याच्या पुढची पायरी

शास्त्रपाठ : यहोशवा २:१-२१, मत्तय ५:४३-४८



शब्बाथशाळेतील मुलांना यरीहोच्या दोन हेरांची गोष्ट फार आवडते. राजाची माणसे दाराशी उभी, आणि धाब्यावर ताटांखाली श्वास रोखून पडलेले दोन परके पुरुष! मग खिडकीतून सोडलेला दोर, आणि पुढे त्याच खिडकीला बांधलेली ती किरमिजी खूण. एखादे चौकस मूल हमखास विचारते, "राहाब तर खोटे बोलली, मग देवाने तिला का वाचवले?" प्रश्न रास्त आहे. शास्त्र तिच्या खोट्याची स्तुती करीत नाही. इब्री लोकांस पत्र ११:३१ मध्ये तिच्या विश्वासाची, आणि याकोब २:२५ मध्ये त्या विश्वासातून घडलेल्या कृतीची साक्ष आहे. इस्राएलाचा देव हाच खरा देव, हे ओळखून तिने जिवावर उदार होऊन परक्यांना आसरा दिला. पुढे प्रभू येशूच्या वंशावळीत तिचे नाव आले.

राहाबसारखेच आपले दार उघडणारी एक बाई विसाव्या शतकात होऊन गेली. तिचे नाव एडिथ कॅव्हेल. इंग्लंडातील नॉर्फोक परगण्यात स्वार्डेस्टन नावाचे खेडे आहे. तेथील पाळकाच्या घरी १८६५ साली तिचा जन्म झाला. परिचारिकेचे शिक्षण घेतल्यावर १९०७ साली बेल्जमच्या राजधानीत, ब्रसेल्स येथे, परिचारिकांची नवी शाळा चालविण्यासाठी तिला बोलावणे आले. ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले तेव्हा कॅव्हेलबाई आईला भेटण्यासाठी मायदेशी आल्या होत्या. तेथे त्या सुरक्षित होत्या. पण ब्रसेल्सला आपली अधिक गरज आहे, असे म्हणून त्या परत गेल्या. थोड्याच दिवसांत ते शहर जर्मन सैन्याच्या हाती पडले. जखमी कोणत्याही देशाचा असो, त्याची शुश्रूषा सारखीच झाली पाहिजे, अशी शिकवण त्यांनी आपल्या परिचारिकांना दिली होती. जर्मन जखमीही त्यातून वगळलेले नव्हते.

नोव्हेंबर १९१४ मध्ये त्यांच्या दाराशी दोन इंग्रज सैनिक आले. सैन्यापासून तुटलेले, वेष पालटलेले. कॅव्हेलबाईंनी त्यांना आत घेतले. त्यानंतर असे लोक येतच राहिले. शिक्षिका, वास्तुरचनाकार, सरदार घराण्यातील माणसे अशा अनेकांची एक गुप्त साखळी तयार झाली. कोणी खोटे दाखले तयार करी, कोणी रात्री वाट दाखवी, आणि पळून आलेले सैनिक तटस्थ हॉलंडच्या सरहद्दीपलीकडे पोचत. सुमारे २०० जणांना अशी मदत झाली. त्याच साखळीतून शत्रूच्या हालचालींची गुप्त माहितीही सैनिकांच्या कपड्यांत व बुटांत लपवून बाहेर जात असे, असे बेल्जममधील कागदपत्रांवरून २०१५ साली पुढे आले.

५ ऑगस्ट १९१५ रोजी कॅव्हेलबाईंना अटक झाली. चौकशीत त्यांनी आपण केलेले काम नाकारले नाही. ऑक्टोबरमध्ये ३५ जणांवर लष्करी न्यायालयात खटला चालला. बाईंवर हेरगिरीचा आरोप नव्हता. सैनिकांना शत्रूकडे पोचविल्याचा होता, आणि त्यालाही शिक्षा मरणाचीच होती. पाच जणांना देहान्ताची शिक्षा झाली. त्यांपैकी तिघांचे प्राण वाचले. कॅव्हेलबाई आणि फिलिप बोक नावाचे वास्तुरचनाकार ह्या दोघांना १२ ऑक्टोबरच्या पहाटे गोळ्या घालण्यात आल्या. बाईंचे वय तेव्हा ४९ वर्षांचे होते.

आदल्या रात्री स्टर्लिंग गेहन हे पाळक तुरुंगात त्यांना प्रभुभोजन देण्यास गेले. दहा आठवड्यांच्या तुरुंगवासात मनाला निवांतपणा मिळाला, ह्याबद्दल बाईंनी आभार मानले. त्यांच्याजवळ 'ख्रिस्तानुकरण' हे पुस्तक होते आणि त्यात त्यांनी जागोजाग खुणा केल्या होत्या. त्या रात्री त्या जे बोलल्या त्याचा आशय असा : देवासमोर आणि सार्वकालिकतेसमोर उभे राहिल्यावर आपल्याला दिसते की, केवळ देशप्रेम पुरेसे नाही, कोणाविषयीही द्वेष किंवा कटुता आपल्या मनात उरता कामा नये. पहाटे त्यांच्याबरोबर वधस्थानापर्यंत चालत गेला तो एक जर्मन ख्रिस्ती पाळक. शेवटची प्रार्थना त्याच्याच तोंडून त्यांच्या कानी पडली.

आता पुढे काय झाले ते ऐका. बाईंच्या मरणाची बातमी पसरताच त्यांच्या नावाने सैन्यभरतीची आवाहने निघाली. चित्रकारांनी त्यांना मूर्च्छित पडलेल्या तरुणीच्या रूपात रंगविले, म्हणजे पाहणाऱ्याचे रक्त उसळावे! जिने द्वेष नको म्हटले, तिच्याच नावाने द्वेष पेरला गेला. १९२० साली लंडनमध्ये त्यांचा पुतळा उभा राहिला. त्यावर राजा व देश यांचा उल्लेख कोरला होता, मृत्यूची तारीख होती. पण त्या रात्रीचे शब्द नव्हते. ब्रिटनमधील स्त्रियांच्या राष्ट्रीय मंडळाने आग्रह धरला तेव्हा कुठे १९२४ साली ते शब्द तेथे कोरले गेले. दगडावर ते यायला चार वर्षे लागली, तर माणसांच्या काळजावर यायला किती लागतील?

बंधुभगिनींनो, शौर्य ही मोठी देणगी आहे. पण ते दोन्ही बाजूंच्या खंदकांत सापडते. आपल्या लोकांसाठी मरणारे शूर प्रत्येक राष्ट्रात झाले. मत्तय ५ मध्ये प्रभू आपल्याला आणखी एक पायरी चढायला सांगतो : वैऱ्यावर प्रीती करा, छळ करणाऱ्यासाठी प्रार्थना करा. वधस्तंभावरून त्याने स्वतः तसेच केले. दगडांच्या माऱ्याखाली स्तेफनानेही तसेच केले. ही पायरी केवळ मनगटाच्या जोरावर चढता येत नाही. कॅव्हेलबाईंना ते बळ प्रभूच्या मेजापाशी मिळाले.

आपल्या मंडळ्या बेळगाव, हैदराबाद, बडोदे, इंदूर अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. घरात मराठी, आणि शेजारी कानडी, तेलुगू, गुजराती, हिंदी. आपली भाषा आपल्याला प्रिय आहे, आणि असावीच. पण भाषेच्या किंवा सरहद्दीच्या वादात शेजाऱ्याच्या मुलाविषयी कडू शब्द आपल्या तोंडून निघाला, तर तो आपले मूल ऐकते. आपल्याच बांधवांना सलाम केला तर त्यात विशेष ते काय, असा प्रभूचा सवाल आहे. केवळ भाषाप्रेम पुरेसे नाही. मंडळीतील जुन्या भांडणाने ज्याच्याशी बोलणे तुटले आहे, तोही ह्या शिकवणीबाहेर नाही.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक विनंती. शूरांच्या गोष्टी मुलांना जरूर सांगा; दोर, वेषांतर, रात्रीची वाट, सारे रंगवून सांगा. मात्र गोष्ट गोळीच्या आवाजापाशी थांबवू नका. आदल्या रात्रीची ती कोठडी मुलांना दाखवा. मग त्यांना विचारा : "तुमचे कोणाशी वैर आहे? त्याच्यासाठी आज आपण प्रार्थना करू या का?" ज्या वर्गात असे एक नाव उच्चारले जाईल, त्या वर्गात ही गोष्ट खरोखर पोचली असे समजा.

प्रभू आपल्याला दार उघडण्याचे धैर्य देवो, आणि द्वेषाला आत न घेण्याची कृपाही देवो. आमेन.