पुतळीचा ठसा

दागिन्यांचा इतिहास लिहिताना अभ्यासक सहसा लेण्यांतील शिल्पांकडे आणि राजांच्या जामदारखान्यांकडे वळतात. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर मात्र ही साधने अपुरी पडतात, कारण मालवण, वेंगुर्ले, देवगड या बंदरांत उतरलेले सोने घरोघरच्या बायकांच्या अंगावर गेले आणि तेथून पुन्हा सोनाराच्या मुशीत. जुना दागिना ‘मोड’ म्हणून द्यायचा, घट सोसायची, घडणावळ मोजायची आणि त्याच सोन्याचा नवा डाग लेकीच्या अंगावर घालायचा, ही रीत असल्याने धातू टिकला तरी त्याची रूपे विरत गेली. मागे उरली ती नावे.

त्या नावांत सर्वांत बोलके ‘पुतळी’. पुतळ्यांची माळ म्हणजे नाण्यासारख्या पातळ, गोल चकत्यांचा हार. आणि मराठीत पुतळी या शब्दाचा एक जुना अर्थ व्हेनिसचे सोन्याचे नाणे, म्हणजे डुकाट, असाच आहे. १२८४ पासून पाडल्या जाणाऱ्या या नाण्याचे वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ निर्भेळ, आणि हा कस पाचशे वर्षे ढळला नाही, म्हणून मिरी-मसाल्याच्या व्यापारातून ते येथवर आले आणि डोळे झाकून घेतले गेले. त्यावर संत मार्कसमोर गुडघे टेकलेला डोजे, म्हणजे व्हेनिसच्या प्रजासत्ताकाचा निवडून आलेला प्रमुख, असे. लॅटिन न वाचणाऱ्यांना त्या पुतळ्याच दिसल्या असाव्यात. पुढे या नाण्याच्या देशी नकला निघाल्या, ठशावरून ठसा घेताना अक्षरांच्या नुसत्या रेघा झाल्या, पण आकृत्या राहिल्या.

बाहेरून आलेली पुतळी एकटीच नव्हे. पोवळे भूमध्य समुद्रातले, आणि ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातील ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत पश्चिम किनाऱ्यावर येणाऱ्या मालात त्याची नोंद आहे. बसरा मोत्याला तर इराकच्या बंदराचेच नाव. मराठीपणाची खूण मानली जाणारी नथही फारशी प्राचीन नाही: प्राच्यविद्या संशोधक प. कृ. गोडे यांनी जुन्या संस्कृत वाङ्मयात नाकातल्या दागिन्याचा पुरावा शोधला आणि तो सापडत नसल्याचे दाखवले. परंपरेच्या नावाने भांडणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवलेले बरे.

सोने अंगावर बाळगण्यात हौस होती तसा हिशोबही होता. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला लागल्या की गहाण ठेवण्याजोगी वस्तू म्हणजे दागिना, आणि स्त्रीधन, म्हणजे केवळ तिच्याच मालकीचे धन, या शास्त्रमान्य कल्पनेमुळे निदान तत्त्वतः तरी तो बाईचा. १९६३ च्या सुवर्ण नियंत्रणाने नवे दागिने १४ कॅरटच्या आत घडवण्याचे बंधन घातले, तेव्हा सरकारला सोन्यात परकीय चलनाची गळती दिसत होती. गहाणवटीवर चालणाऱ्या घरांचा विचार त्यात नव्हता, आणि त्यापायी असंख्य सोनार बेकार झाले. हेच नियंत्रण पुढे चालवणारा १९६८ चा सुवर्ण नियंत्रण कायदा १९९० मध्ये रद्द झाला.

व्हेनिसचे प्रजासत्ताक १७९७ मध्ये नेपोलियनने बुडवले. सराफाकडे आज मिळणाऱ्या पुतळीवर बहुधा लक्ष्मी असते.