उठवण्याचा अधिकार

उन्हाळ्यात परभणीला दुपारी झोपलेल्या माणसाला कोणी उठवत नाही. पारा 43 अंशांवर गेला की वसुलीवालासुद्धा संध्याकाळी येतो. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं आम्ही म्हणतो, त्याला कोणी पुरावा मागितलाच तर हा घ्यावा.

अशा गावात राहून माझ्या लॅपटॉपला मात्र धड झोप लागेना. त्यावर लिनक्स आहे. 1991 साली हेलसिंकीतल्या लायनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने सुरू केलेलं आणि पुढे जगभरच्या लोकांनी मिळून वाढवलेलं हे प्रकरण फुकट मिळतं. आमच्याकडे एवढी शिफारस पुरते.

झाकण मिटलं की यंत्र झोपतं. म्हणजे चालू काम लक्षात ठेवण्यापुरती वीज रॅमला मिळते आणि बाकीचा कारभार थांबतो. आमचं यंत्र असंच मिटून, पिशवीत घालून गंगाखेडला नेलं. उतरून बघतो तर भाकरीच्या तव्यासारखं तापलेलं, आणि बॅटरी शून्य!

भाच्याने फोनवरून निदान केलं. लिनक्समध्ये म्हणे एक यादी असते. झोपलेल्या यंत्राला उठवण्याचा अधिकार कोणाकोणाला आहे, हे तीत नावानिशी लिहिलेलं असतं. झाकणाला आहे, बटणाला आहे. आमच्याकडे यूएसबीलाही होता. तिथे बिनतारी माऊसचा खुंट कायमचा खोचलेला आणि माऊस पिशवीच्या कप्प्यात. गाडीला दणका बसला की माऊस हलायचा, यंत्र दचकून उठायचं, झाकण बंद दिसलं की पुन्हा आडवं व्हायचं, तोवर पुढचा दणका.

त्या यादीत नाव लिहून पाठवलं की अधिकार जातो. पण यंत्र बंद करून पुन्हा सुरू केलं की सगळ्यांचे अधिकार जसेच्या तसे परत! (नातेवाइकांचं दिवाळीला असंच होतं.) भाच्याने त्याचाही कायमचा बंदोबस्त केला.

यंत्र आता शांत झोपतं. झोप उडाली ती माझी. अशी यादी माणसानेही ठेवावी काय? मुचकुंद राजाने ठेवली होती, पण कोरी. जो उठवील तो भस्म. कालयवनाने कृष्ण समजून त्याला लाथ घातली आणि त्याची राख झाली. राजाची सोय झाली खरी. पण शेजारी कोणाचं पोर रात्री तापाने फणफणलं असतं, तर त्या बापाने कुठे जायचं? उलट कुंभकर्णाला ढोल बडवून कोणीही उठवावं. भावाने उठवलं ते थेट रणांगणावर धाडायलाच.

मीही रात्री दहानंतर मोबाइलचा आवाज बंद करतो. अपवाद दोनच. पाथरीची आई आणि जिंतूरचा एक शाळूसोबती. आईबद्दल वाद नाही. मित्राची बायको गेल्या वर्षी गेली. तेव्हापासून तो रात्री दोनला फोन करतो. काम काही नसतं. मोंढ्यातला सोयाबीनचा भाव सांगतो, थोडा वेळ गप्प राहतो, मग “बरं, झोप तू” म्हणतो.

घरचे म्हणतात, त्याचं नाव काढा, आधी स्वतःचं बीपी बघा. त्यांचं काही चूक नाही. पण काढायचा तर हा अधिकार मी त्याला कधी दिला, ते आधी शोधावं लागेल. पाचवीत एका बाकावर बसलो, तेव्हा कोणी यादी केली नव्हती.

परवा मी त्याला सुचवलं, “दोनला करण्यापेक्षा पहाटे पाचला करत जा ना. मी उठलेलाच असतो.”

“पाचला कसं करू रे?” तो म्हणाला, “तेव्हाच तर कुठं माझा डोळा लागायलाय.”