औषधापलीकडचं दुखणं

कर्करोग हाताबाहेर गेला तरी वेदनेवर मॉर्फिन देता येतं. पण रुग्णाच्या मनात घोळत असतं ते निराळंच. पतपेढीचं कर्ज कोण फेडणार? धाकटीची फी कोण भरणार? बोलणं टाकलेला भाऊ भेटायला येईल का? या प्रश्नांपाशी निवांत बसायला हवा तो समाजसेवक.

लंडनच्या सिसिली सॉन्डर्स आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयात समाजसेविका झाल्या; डॉक्टर त्यानंतर, १९५७ साली. डेव्हिड तास्मा या मरणपंथाला लागलेल्या पोलिश निर्वासिताची त्यांनी सोबत केली, ती समाजसेविका असतानाच. जाताना त्याने त्यांच्यासाठी ५०० पौंड ठेवले. १९६७ मध्ये त्यांचं सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे अखेरच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणारं ठिकाण, उभं राहिलं. शरीर, मन, नाती, श्रद्धा, सगळं मिळून एकच दुखणं असतं, हे वैद्यकाला सांगणाऱ्या बाईंनी ते आधी रुग्णांच्या घरच्या अडचणी ऐकताना जाणलं असावं, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे १९८६ मध्ये मुंबईत वांद्र्याला शांती आवेदना सदन हे असंच हॉस्पिस सुरू झालं. तरीही अनेक घरांत शेवटचे दिवस कुटुंब एकटंच काढतं. तिथे समाजसेवक पोहोचला, तर रुग्ण गेल्यावरही तो येतो. मुलांशी बोलतो, विधवेला संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरून देतो.